उजवी मांडी

लेबलवर नाव : केरबा दत्तू चौगुले, वय एकाहत्तर.
खाली माझ्याच अक्षरात : उजवी मांडी.
राजारामपुरीतली लॅब, सकाळचे सव्वाअकरा,
क्रायोस्टॅट उणे वीसवर घुमतोय
आणि हे नाव मला
शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे.

खासबाग. अकरावं मिनिट.
ह्या मांडीनं माझ्या बापाला चीत केलं.
माझा जन्मही नव्हता झाला तेव्हा,
पण ते अकरावं मिनिट आमच्या घरात
न सांगता आलेल्या पाहुण्यासारखं
रोज पाटावर जेवायला बसायचं.

दहा मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप पात्यावरून उतरतो,
काचेला चिकटतो.
जी दोन हातांच्या कवेत मावत नव्हती म्हणे,
ती आता फुंकरीनं उडेल.
रंग चढवते. धुते. थांबते.

भिंगाखाली तंतू. गुलाबी, खेटून खेटून.
केंद्रकं सगळी कडेला सरकलेली,
आखाड्याभोवती उकिडवे बसलेले बघे जसे;
मधली जागा कुस्तीला मोकळी.
चऱ्हाटात पीळ, पिळात दोरा,
दोऱ्याच्या आत अजून बारीक दोरे :
एक जाड, एक बारीक, एकमेकांत घुसलेले.
जाडाला इवले इवले हात.
धर, ओढ, सोड, पुढं धर.
विहिरीतून पोहरा शेंदावा तसं, हातापुढं हात.
बास. स्नायूला दुसरं काही येतच नाही.
जोर मारणारा गडी जमीन ढकलतो
तेव्हाही आत कुणीतरी ओढतच असतं.

शिकत होते तेव्हा हे बाबांना सांगितलं होतं.
मी तालमीच्या पायरीवर, आत बायकांना मज्जाव.
ते हौदात ताक, हळद, तेल ओतून माती कालवत होते.
मान वर न करता म्हणाले,
"मग वस्ताद काय येगळं सांगत हुता?
ढकलायचं काय, रेडा बी ढकलतोय."

पुढचं सांगायचं राहून गेलं :
की धरून ठेवायला फारसं काही लागत नाही.
सोडायला लागतं.
ताकदीचा एक थेंब मिळाला तर तो इवला हात सुटतो,
नाही मिळाला तर धरलं तिथंच धरलेलं.
माणूस मेल्यावर ताठतो तो असा,
सोडण्यापुरतंही जवळ काही उरत नाही म्हणून.

बाबा गेले त्या पहाटे उजवी मूठ उघडेना.
चुलते म्हणाले, पैलवानाची पकड हाय.
आत्या तेल चोळत राहिली.
मला कारण माहीत होतं
आणि ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं.
काळजाचा स्नायू आदल्या रात्रीच थांबलेला;
पट्टे असेच, पण फांद्या फुटून शेजाऱ्याच्या गळ्यात गळा घातलेला,
जन्मभर सुट्टी काय ती
दोन ठोक्यांमधली.

काच सरकवते.
इथं बघा, तंतू टोकदार झालेत,
दोन जाडजूडांच्या फटीत चेपलेले.
नस निघून गेली की मांस असं वाळतं;
त्याच्यात खोट नसते, हाक यायची थांबलेली असते.
मधेच एक घोळका, सगळे एका रंगाचे :
शेजारच्या नसेनं पोरके आपल्यात घेतलेत.
जेवढे झेपले तेवढे.

तो बाहेर बाकावर आहे, मांडीला पट्टी.
विजार दोन माणसं मावतील एवढी.
"कुणाची गं तू?"
तातोबा मगदुमांची, म्हटलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग डावा खांदा चाचपून म्हणाला,
"हितं धरलं हुतं त्येनं. अकरा मिन्टं.
थंडीत अजून ठणकतंय बघ."

आमच्या घरी खांद्याचं कधी कुणी बोललं नव्हतं.

उठायला हात मागितला, दिला.
जिन्यावरून रिक्षापर्यंत
कोण कुणाला ओढत होतं काय माहीत.
रिपोर्ट गुरुवारी, म्हटलं.
बरं, म्हणाला,
पण हात लगेच सुटला नाही.